ट्रक भरण्याआधी: पुरातलं निवारा केंद्र कसं चालवावं

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, राजाराम बंधाऱ्यावर ५५च्या पुढे. जुलै २०२१मध्ये पुन्हा तोच प्रकार. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर मदतकाम करू पाहणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनी हे चार आकडे पाठ करावेत, कारण कामाला लागायचं ते इशारा पातळीला. धोका पातळी ओलांडल्यावर बऱ्याच गावांचे रस्ते तुटतात, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जातो आणि लांबून निघालेले ट्रक वाटेतच अडकतात. पहिले चार-पाच दिवस निभावतात ते तालुक्यात आधीच असलेल्या सामानावर.

पुढचं सगळं गणित एका ठरावीक केंद्रासाठी मांडलं आहे: जिल्हा परिषदेची शाळा किंवा मंगल कार्यालय, ३०० माणसं, साधारण ७० चुली, दहा ते पंधरा दिवसांचा मुक्काम. माणसं कमी-जास्त असतील तर त्या पटीत गुणा-भागा. मापं बहुतांशी स्फिअर मानकांतली, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठी ठरवलेल्या किमान मापांतली आहेत. रेड क्रॉस-रेड क्रेसेंट चळवळ आणि जगभरातल्या सेवाभावी संस्थांनी १९९७मध्ये ही मानकं ठरवायचं काम सुरू केलं आणि बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांपासून भूकंपग्रस्त गावांपर्यंत हीच मापं वापरली जातात. शिरोळ तालुक्यातल्या शाळेत ती पहिल्या दिवशी गाठता येत नाहीत. तरी हाताशी ठेवावीत, म्हणजे आपण किती मागे आहोत ते कळतं.

पहिली मोजणी: कार्डं नव्हे, चुली

लोक यायला लागले की दारातच एक टेबल, एक जाड वही आणि गाव ओळखणारी दोन माणसं बसवा. आशाताई आणि अंगणवाडीताई असतील तर उत्तम. बाहेरचा स्वयंसेवक एकटा बसला तर एकाच आडनावाची आठ घरं तो एकच समजतो.

मोजायची ती चूल. रेशनकार्डावर मोजलं की घोळ होतो: एका कार्डावर तीन भावांच्या तीन चुली निघतात, आणि वेगळी राहणारी विधवा सून कुठल्याच कार्डावर नसते. प्रत्येक चुलीसमोर एकूण माणसं, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, साठीपुढचे, चालता-दिसता न येणारे, रोजची औषधं (रक्तदाब, साखर, क्षयरोग, डायलिसिस), जनावरं किती आणि कुठे बांधलीत, एक मोबाइल नंबर, एवढंच लिहा. जेवणासाठी आधार मागू नका. कागद वाहून गेलेल्या माणसाला कागद विचारून काही साधत नाही. जात विचारू नका.

वहीत न येणारी माणसं मुद्दाम शोधावी लागतात. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारे परराज्यातले कामगार भाड्याच्या खोल्यांत असतात. त्यांना निवारा केंद्र ‘गावकऱ्यांसाठी’ आहे असं वाटतं आणि बऱ्याचदा तसं ऐकवलंही जातं. गायरानातल्या झोपड्या, पालावरचे भटके, मळ्यातल्या वस्तीवरचे सालगडी हे दुसऱ्या दिवसापर्यंत नोंदले गेले नाहीत तर पुढे प्रत्येक यादीतून गळतात, कारण पुढची प्रत्येक यादी याच वहीवरून निघते.

मोजणी रोज दोनदा: सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री नऊला. दिवसा माणसं घर बघायला, पै-पाहुण्यांकडे, दवाखान्यात जातात. रात्रीचा आकडा तो खरा मुक्कामाचा. स्वयंपाक त्यावर ठरवा.

पाणी

केंद्रात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जेवण एक वेळ उशिरा झालं तर लोक कुरकुरतात, पाणी बिघडलं तर तिसऱ्या दिवशी निम्मं केंद्र जुलाबाने आडवं होतं.

माणशी दिवसाला १५ लिटर, म्हणजे ३०० जणांना ४,५०० लिटर. यातलं साधारण ६ लिटर पिण्या-स्वयंपाकाचं, बाकी अंघोळ-धुण्याचं. संडासात ओतायला माणशी आणखी ३ ते ५ लिटर लागतं, ते या १५मध्ये धरलेलं नाही. तेव्हा दिवसाची गरज जवळपास ६,००० लिटर धरा. १०,००० लिटरचा टँकर दीड दिवस पुरतो, पण ‘उद्या येतो’ म्हणालेला टँकर पुरात उद्या येतोच असं नाही. म्हणून एका दिवसाचा साठा कायम हातात ठेवा.

पिण्याची टाकी वेगळी, वापराची वेगळी. पिण्यासाठी २,००० लिटरची प्लास्टिकची टाकी कमरेइतक्या उंच ओट्यावर ठेवा आणि चार नळ बसवा. मानकात २५० माणसांमागे एक नळ आहे, पण तो मिनिटाला साडेसात लिटर वाहणारा आणि दिवसभर चालू असलेला. १५ लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर तुमचा नळ त्या मापाचा. टाकी निम्मी झाली की धार बारीक होते, रांग लांबते आणि लोक थेट झाकण उघडून तांब्या बुडवतात. झाकणाला कुलूप लावा.

टँकर रिकामा करण्याआधी ड्रायव्हरला विचारा पाणी कुठलं. मग एक काचेचा ग्लास भरून उजेडात धरा. गढूळ असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आधी टाकू नका, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी. २० लिटरच्या बादलीत १ ग्रॅम तुरटीची पूड विरघळवून मिनिटभर जोरात, मग पाचेक मिनिटं हळू ढवळा आणि तासभर ठेवा. गाळ बसला नाही तर दुसऱ्या बादलीत २ ग्रॅम घेऊन बघा. जे प्रमाण लागू पडेल ते टाकीला लावा: बादलीला १ ग्रॅम म्हणजे २,००० लिटरला १०० ग्रॅम. निवळलेलं पाणी वरून दुसऱ्या टाकीत घ्या, तळाचा गाळ फेकून द्या.

आता टीसीएल. १,००० लिटरला ५ ग्रॅमपासून सुरुवात करा, २,००० लिटरच्या टाकीला १० ग्रॅम. हे प्रमाण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचं आहे. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर तोंड उघडं पडलेल्या पोत्यात निम्मंसुद्धा उरलेलं नसतं. पावडर ढेकूळ झालेली आणि नाकाला न झोंबणारी असेल तर ती पांढरी माती समजा. मोजायला स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा ठेवा. ‘मूठभर’ हे माप नव्हे. पावडर प्लास्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, पाणी वाढवा, दहा-पंधरा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओता. चुन्यासकट ओतलं की पाणी पांढरं दिसतं आणि लोक ते पीत नाहीत. धातूची बादली वापरू नका.

अर्धा तास थांबून ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला ते कळतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकल्याबरोबर, दहाएक सेकंदांत जो पिवळा रंग येतो तो मुक्त क्लोरीनचा. थोड्या वेळाने रंग आणखी गडद होतो, पण तो धरायचा नाही. बरेच जलसुरक्षक (गावचं पाणी तपासणारे) इथेच चुकतात आणि पाणी पुरेसं शुद्ध झालं असं लिहून मोकळे होतात. टाकीपाशी लिटरला ०.५ मिलिग्रॅम आला पाहिजे, म्हणजे माणसाच्या हंड्यात निदान ०.२ उरतो. रंगच आला नाही तर टीसीएल दुप्पट करून पुन्हा अर्धा तास थांबा. रोज चार-पाच हंड्यांतलंही पाणी तपासा. टाकीत क्लोरीन आणि हंड्यात शून्य निघालं, तर दोष हंड्याचा किंवा त्यात बुडणाऱ्या हाताचा. त्यावर उपाय म्हणजे झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं.

आणि उलटी चूकही करू नका. वास नाकात जाईल इतका क्लोरीन घातला की बाया शाळेमागच्या आडाचं ‘गोड’ पाणी आणतात, आणि सगळी मेहनत वाया.

बाटलीबंद पाण्याबद्दल एक हिशेब: ३०० माणसांना नुसतं पिण्यासाठी माणशी ३ लिटर धरलं तर दिवसाला ९०० बाटल्या, आणि संध्याकाळी ९०० रिकाम्या बाटल्या गटारात. पहिल्या दिवशी बोटीतून नेण्यापुरतं ते ठीक. त्यापुढे कुणी बाटल्या पाठवतो म्हणाला तर त्याला टँकरचं भाडं द्यायला सांगा.

संडास आणि न्हाणी

मानकाप्रमाणे २० माणसांमागे एक, म्हणजे १५ संडास. सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक चालतं, म्हणजे सहा. शाळेत चार असतात, त्यातल्या एकाला दार नसतं. नगरपालिकेकडे फिरत्या शौचालयांची मागणी पहिल्याच दिवशी लेखी द्या, सोबत उपसा करणाऱ्या गाडीची वेळही ठरवून घ्या. उपशाविना फिरतं शौचालय तीन दिवसांत बंद पडतं.

खड्डे खणायचा उत्साह आवरा. खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर वर आणि विहीर-बोअरपासून ३० मीटर लांब हवा. पुराच्या दिवसांत काळ्या रानात हे जमत नाही. दोन फुटांवर पाणी लागतं.

बायांना पुरुषांच्या तिप्पट संडास हवेत: सहापैकी चार-पाच, आणि ते पुरुषांच्या रांगेशेजारी नकोत. आतून कडी, बाहेर रात्रभर दिवा, वाटेवर चिखल नको. या तीन गोष्टी नसल्या की बाया संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडतात आणि आजारी पडतात. विचारलं तर ‘काही अडचण नाही’ असंच सांगतात. विचारायलाही बाईच पाठवा. न्हाणीसाठी निळी ताडपत्री पुरेशी नाही, ओली झाल्यावर उजेडात आरपार दिसते. जाड, गडद कापड किंवा पत्रा लावा. सॅनिटरी पॅड दिले की झाकणाची बादलीही द्या, नाहीतर ते संडासात जातात आणि तुंबलेला संडास साफ करायला पुन्हा कुणीतरी लागतं.

साफसफाईला दोन माणसं रोजंदारीवर ठेवा, हातमोजे आणि गमबुटांसह. ‘ते करतात ना’ म्हणून गावातल्या एकाच समाजाकडे बोट दाखवलं जातं. ते लोकही पूरग्रस्तच आहेत. पाळी लावायची तर सगळ्या खोल्यांची लावा.

एक सक्त सूचना: संडासात ॲसिड ओतल्यावर त्याच वेळी टीसीएल टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

झोपायची जागा

माणशी साडेतीन चौरस मीटर. २० बाय २४ फुटांचा वर्ग म्हणजे ४४ चौरस मीटर, त्यात मापाने १२ माणसं. प्रत्यक्षात ३० झोपतात. दोन रात्री हे चालून जातं, पाचव्या दिवशी खोकला खोलीभर पसरतो. म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरी इमारत शोधायला लागा. खोल्या गल्लीप्रमाणे द्या, म्हणजे शेजारी शेजाऱ्याच्या सामानावर आणि पोरांवर लक्ष ठेवतो. एक खोली बाळंतिणी आणि लहान बाळांची, एक खोली ताप-जुलाबवाल्यांची. वर्गात स्टो पेटवू देऊ नका.

जुलाबाच्या खोलीत ओआरएसची पाकिटं आणि एक लिटरची मापाची बाटली ठेवा. पाकीट एका लिटरचं असतं. ते पेल्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन बाळाला उलट अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सोबत मुलांना झिंक १४ दिवस, डॉक्टर सांगतील तसं. पुराच्या पाण्यात चालून आलेल्याला ताप आणि पोटऱ्या दुखणं असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. सर्पदंशाला १०८. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

जेवण

खिचडीसाठी माणशी एका वेळेला १२० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ धरा: ३०० जणांना ३६ किलो तांदूळ, १२ किलो डाळ. शिजल्यापासून दोन तासांत ताटात पडलं पाहिजे. शंभर किलोमीटरवरून येणारी तयार पाकिटं प्रेमाने पाठवलेली असतात, पण प्लास्टिकच्या पिशवीत गरम भरलेला भात पावसाळ्यात वाटेतच आंबतो. चार जणांनी फोन केला की चौघांना चार वेगळे वार द्या, नाहीतर रविवारी बाराशे पाकिटं आणि मंगळवारी शून्य.

दूध पावडर आणि बाळाचं डब्याचं दूध सरसकट वाटू नका. ही जगभरच्या मदतकामातली जुनी, ठरलेली सूचना आहे. पाणी अशुद्ध, बाटली धुवायची सोय नाही, आणि फुकट डबा मिळाला की अंगावरचं पाजणं कमी होतं. जुलाब तिथून सुरू होतो. बाळंतिणीला पोटभर जेवण, आडोसा आणि जास्तीचं पाणी द्या. ज्या बाळाला खरंच वरचं दूध लागतं, त्याची सोय आरोग्य सेविकेमार्फत एकेका बाळापुरती करा.

घरी परततानाचं किट

पाच जणांच्या चुलीला १५ दिवस, म्हणजे ७५ माणूस-दिवस. माणशी २,१०० कॅलरींच्या जवळ जायचं तर: धान्य ३० किलो, डाळ साडेचार किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे २ किलो, गूळ किंवा साखर दीड किलो, पोहे १ किलो, आयोडीनचं मीठ अर्धा किलो, हळद-तिखट. बेरीज चाळीस किलोंच्या वर जाते. एवढं पोतं साठ वर्षांची बाई उचलू शकत नाही, आणि उचलायला मदत करणाऱ्याला त्यातला वाटा द्यावा लागतो. दोन बोजे करा, किंवा रेशन दुकानातून सरकारी धान्य मिळणार असेल तर ते वजा करून उरलेलं द्या. दहा किलोचं किट ‘कुटुंबाला महिन्याचा शिधा’ म्हणून फोटोत चांगलं दिसतं, पण ते चारेक दिवसांत संपतं.

कुठलं धान्य, हा प्रश्न वजनाइतकाच महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात गहू आणि ज्वारी निरुपयोगी: पिठाची गिरणी पाण्याखाली, वीज नाही. तांदूळ आणि तयार आटा द्या. ज्वारीचं पीठ ओलसर हवेत लवकर कडू होतं, तेव्हा ज्वारी गिरणी सुरू झाल्यावर. तूरडाळीपेक्षा मसूर लवकर शिजते. सिलिंडर वाहून गेलेल्या घरात हा फरक मोठा आहे. किटबरोबर पेटवायचं काय, हे विचारल्याशिवाय किट पुरं होत नाही.

धान्याखेरीज झाकणाची बादली, ओगराळं, दोन चटया, चादरी, मच्छरदाणी, बॅटरी, अंगाचा साबण माणशी महिन्याला २५० ग्रॅम आणि कपड्याचा २०० ग्रॅम. बायांची आतली वस्त्रं नवी, तीन मापांत. जुने कपडे नको म्हणजे नको. ते निवडायला दहा स्वयंसेवक दोन दिवस लागतात, आणि उरतो तो ढीग पावसात भिजून शाळेच्या पटांगणात कुजतो. देणाऱ्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

वाटप

गाडीवरून सामान फेकणं बंद. त्यात तरुण पोरं मिळवतात, म्हातारी माणसं तुडवली जातात.

आदल्या संध्याकाळी वहीवरून चुलीगणिक चिठ्ठी द्या: नंबर, वार, वेळ, काय मिळणार. शेवटची गोष्ट लिहिली नाही की ‘अर्धं मधेच खाल्लं’ अशी बोलणी सुरू होतात. ७० चुलींना एका वेळी बोलवू नका. दर अर्ध्या तासाला पंधरा. जागा अशी निवडा की एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. चिठ्ठी तपासणारा, सामान देणारा आणि सही-अंगठा घेणारा अशी तीन वेगळी माणसं. गरोदर बाया, म्हातारे, अपंग पहिल्या अर्ध्या तासात. पाच टक्के किटं राखून ठेवा, कारण यादीत चूक असणारच. ज्याचं नाव राहिलं त्याला रांगेत वाद घालू न देता बाजूच्या टेबलावर बसवा, तिथे वही आणि पाण्याचा तांब्या ठेवा. काळोख पडायच्या आत संपवा.

मदत घेणाऱ्या बाईचा चेहरा, हातात किट आणि मागे देणाऱ्याचा फलक, असा फोटो काढू नका. हिशेबाला सही पुरते. नाव-नंबर असलेली यादी व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्या नंबरांवर कर्ज देणाऱ्यांचे आणि फसवणाऱ्यांचे फोन येतात.

जनावरं

‘माणसं बाहेर काढा’ म्हटलं तरी माणसं निघत नाहीत, कारण दावणीला म्हैस असते. २०१९मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला प्रमाणाबाहेर भरलेली बोट उलटून माणसं बुडाली. शेवटच्या घटकेपर्यंत थांबण्याची किंमत काय, ते तिथे दिसलं. म्हणून इशारा पातळीलाच जनावरांची जागा जाहीर करा: उंचावरचं माळरान किंवा बाजार समितीचं आवार, केंद्रापासून चालत जाता येईल असं. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण १५ किलो ओला चारा आणि ४० ते ५० लिटर पाणी. उसाचं वाढं (शेंड्याची हिरवी पानं) मिळेल ते द्या, पण कोरडा कडबा किंवा भुसा मिसळून. पुरात बुडून कुजलेला ऊस घालू नका, जनावरं फुगतात. दाव्याला नंबर बांधा आणि धारेच्या दोन्ही वेळा मालकाला जायची वाट ठेवा. दूध संकलन बंद असेल तर धारेचं दूध केंद्राने विकत घ्यावं; मुलांना मिळतं आणि मालकाच्या हातात चार पैसे येतात.

पैसा

गावातली पाच किराणा दुकानं उघडली आणि माल येऊ लागला की किटं थांबवा, पैसे द्या. आटा हवा की वहीपेनं की शेगडी, हे त्या घरातलं माणूस तुमच्यापेक्षा चांगलं जाणतं, आणि पुरात बुडालेला दुकानदारही उभा राहतो. पैसे घरातल्या बाईच्या खात्यावर. आधी दहा खात्यांवर एकेक रुपया टाकून बघा. बंद पडलेली खाती तिथेच कळतात.

देणगी घेताना पावती लागलीच द्या. आयकरातली ८०जीची सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, वस्तूंच्या देणगीलाही नाही. परदेशातली महाराष्ट्र मंडळं आणि तिकडे राहणारे नातलग लगेच पैसे पाठवू म्हणतात, तिथे जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा परकीय देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचा, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, ठरतो; मंडळाचाही ठरतो. तो पैसा एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेनेच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या नेमलेल्या खात्यात घ्यायचा. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पुढे तुमच्या संस्थेला देऊ शकत नाही, स्वतःच खर्च करावा लागतो. तेव्हा अशा संस्थेला सामानाची यादी आणि दुकानदाराचं बिल पाठवा, पैसे तुमच्या खात्यात मागू नका.

पाणी ओसरल्यावर

घरी जायची घाई होते, आणि अपघात याच दिवसांत होतात. माती-दगडाची भिंत पाण्यात उभी राहते आणि वाळताना पडते. आत जाण्याआधी बाहेरून फेरी मारा, भेग किंवा फुगवटा दिसला तर थांबा. मेन स्विच वायरमनने बघितल्याशिवाय चालू करायचा नाही. कपाट-माळ्यात हात घालण्याआधी काठी.

सफाईला हात लावण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची खूण, बुडालेलं सामान, मेलेलं जनावर, तारखेसह. पंचनाम्यात घर किती दिवस पाण्यात होतं हा मुद्दा येतो, आणि चिखल धुतल्यावर पुरावा उरत नाही. तलाठ्याच्या पंचनाम्याला घरचं माणूस हजर हवं, म्हणून तारीख आदल्या दिवशी केंद्राच्या फळ्यावर लिहा. भाडेकरूंचं सामानही नोंदवून घ्या. मालकाचं घर लिहिलं जातं आणि भाडेकरू राहून जातो.

दहा घरांच्या एका तुकडीला सहा फावडी, आठ घमेली, चार खराटे, गमबूट, हातमोजे आणि एक चिखल ओढणारा पंप. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की कुदळ लागते. तो रस्त्यावर टाकायचा तर ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर त्याच दिवशी फिरला पाहिजे.

विहीर सर्वांत शेवटी, पण नीट. आजूबाजूचं भूजल वर असताना विहीर एकदम उपसली तर कडेचं बांधकाम आत कोसळतं, टप्प्याटप्प्याने उपसा. मग पाणी मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर आले. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. रोजच्या शुद्धीकरणाला याला १४० ग्रॅम टीसीएल लागलं असतं. पुरानंतर पहिल्यांदा १,००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे सव्वाचार किलो घाला, कडेच्या भिंतीही त्याच पाण्याने धुवा, बारा तास कुणालाही पाणी काढू देऊ नका. नंतर ते पाणी उपसून नाल्यापासून लांब सोडा, विहीर भरू द्या, आणि ओटी टेस्टचा रंग नेहमीच्या मापावर आला की पिण्याला मोकळी करा. तोवर टँकर बंद करू नका.

शाळा मुख्याध्यापकांच्या ताब्यात परत देताना वर्ग टीसीएलच्या पाण्याने पुसलेले, संडास उपसलेले, मोडलेली बाकं मोजलेली आणि तुमची टाकी-नळ तिथेच ठेवायचे की न्यायचे हे लिहिलेलं असावं. नोंदींच्या वहीची एक प्रत ग्रामसेवकाकडे द्या आणि एक तालुक्यात सुरक्षित ठेवा. पुढच्या जुलैत पहिल्या टेबलावर कोरी वही ठेवण्याऐवजी तीच उघडता येते.